हळदीला माझे हात नकोत म्हणे!

आत्ताच घणसोली गावातून हळद आटपून घरी आलेय आणि डोकं अजून तापलंय.

चुलत बहीण रेश्माचं लग्न आहे. मला लहानपणापासून एक्झिमा. हातांवर, मानेवर लाल चट्टे. गेल्या आठवड्यात तपासणीत तिथे यीस्ट वाढल्याचं निघालं आणि आईने ते घरात सांगितलं.

मी हळदीला हात घालणार, तोच मोठ्या काकूने सगळ्या बायकांसमोर माझं मनगट धरलं. "तुजे हाताला बुरशी हाय ना? नवरीला नको लावू."

मी म्हटलं, "काकू, डॉक्टर म्हणाले, हे यीस्ट सगळ्यांच्याच कातडीवर असतं, तुमच्याही. माझी सुजलेली आहे म्हणून तिथे जास्त वाढतं. माझ्या हातातून कुणाला लागत नाही."

"डाक्टर काय पन सांगतान," काकू म्हणाली. दोघीतिघी फिदीफिदी हसल्या. फोनवर आलेला प्रत्येक भंपक उपाय देववाणी मानणाऱ्या बायका या! डॉक्टरचं मात्र पटत नाही.

तेवढ्यात रेश्माने माझे दोन्ही हात ओढून हळदीत बुडवले आणि स्वतःच्या गालांवर दाबले. भेगांत चरचरलं, पण मी हात काढले नाहीत.

"झाला? आता ज्याला माजी किलस येल, त्याने मना हात नको लावू," ती म्हणाली.

काकू तोंड फिरवून बसली. राग आला, पण तिथे मी तो दाखवला नाही. इतक्या कोत्या माणसावर तो कशाला खर्च करायचा?

कातडीवरून तुम्हाला कुणी असं चारचौघांत बाजूला सारलंय का? आणि तेव्हा तुमच्या बाजूने कोण उभं राहिलं?