टोपलं उतरल्यावर

मुलांनो, तुमचा विनूमामा गेल्याचं तुम्हाला फोनवर कळलं. मलाही तसंच कळलं. दुपारची जेवणं उरकून मी मेथी निवडत बसले होते. फोन इम्रानचा होता. इम्रान म्हणजे विनूचा मित्र, त्याच्या फिल्मना आवाज जोडणारा. त्या दिवशी पहाटेच्या एसटीने दोघं एका चित्रपट महोत्सवाचा प्रोमो दाखवायला गेले होते. "मावशी, तुमी बसलात ना?" एवढंच त्याने विचारलं आणि मी समजले. आयोजकांनी पुन्हा एकदा बदल सांगितले, विनू "करून देतो" म्हणाला आणि खुर्चीतच कलंडला... त्याचे ते शेवटचे शब्द. जन्मभर तो सगळ्यांना हेच सांगत आला होता.

विनू माझ्या धाकट्या बहिणीचा, शकूचा मुलगा. मी इंग्रजी घेऊन एम. ए. झाले आणि अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकवायला लागले. शकूचं मन शाळेत कधी रमलं नाही. ती लग्न होऊन धारूरच्या डोंगरात गेली. त्यांच्या रानात सीताफळाची झाडं होती. हंगामात ती टोपलं डोक्यावर घेऊन पायवाटेने बाजाराला उतरायची. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले की मीही तिच्या मागे मागे जायचे, रिकाम्या हातांनी धापा टाकत. विनू शाळेत जाण्याआधीच ती तापाने गेली. मी त्याला इकडे आणलं. तुमच्या आईच्या पाठचा भाऊ म्हणूनच तो या घरात वाढला.

त्याचं ॲनिमेशनचं काम तुम्हाला ठाऊक आहे, पण ते किती किचकट असतं हे मला फार उशिरा समजलं. वरच्या खोलीत खालून उजेड पाडणारी एक काच होती. तिच्यावर कागदावर कागद ठेवून तो चित्रं काढायचा. माणसाने एक पाऊल टाकायचं तर डझनभर चित्रं, प्रत्येकात पाय केसभर पुढे. इम्रान त्याला चिडवायचा, "अबे, तुझा माणूस दारापर्यंत जाईस्तोवर आपुन बीडला जाऊन येऊ." असं काम करून तो गणपती मंडळांचे, जत्रांचे, महोत्सवांचे प्रोमो बनवायचा आणि त्यातून वेळ उरला तर स्वतःच्या छोट्या फिल्म. वेळ क्वचितच उरायचा.

त्याला करायची होती ती फिल्म एकच. एक बाई सीताफळाचं टोपलं घेऊन डोंगर उतरते, बाजारात पोचते, बस्स. पण त्याला आईची चाल आठवत नव्हती. लग्नातला एक फोटो होता. फोटोत कोण चालतं? एक दिवस तो खाली आला आणि म्हणाला, "मावशी, आई कशी चालायची? चालून दाखव ना." मी हसले. साठी उलटलेली बाई डोक्यावर पितळी परात घेऊन हॉलमध्ये चालणार! पण चालले. शकूची मान हलायची नाही. डावा हात टोपल्याला, उजवा मोकळा, उतारावर पावलं आडवी. विनू मोबाइलवर टिपत होता आणि "पुन्हा, मावशी, पुन्हा" म्हणत होता. पुढे कितीतरी वर्षं, सवड मिळाली की तो मला चालायला लावायचा. तुमच्या आईला वाटे, आम्हा दोघांनाही वेड लागलंय.

मग एका नवरात्रात घोटाळा झाला. चौकातल्या देवीच्या मंडळाचा प्रोमो घटस्थापनेला हवा होता आणि देवी पायऱ्या उतरून येते असं दृश्य ठरलं होतं. नवी चाल काढायला वेळच नव्हता. विनूने शकूची चाल घेतली, तिला शालू नेसवला, मुकुट घातला, टोपलं पुसून टाकलं. हात मात्र तसाच वर राहिला. चौकात पडद्यावर देवी उतरू लागली तशी मंडळाचे अध्यक्ष अप्पा विचारू लागले, "विनूभाऊ, देवीनं डोस्क्याला हात कावून लावलाय?"

"आशीर्वाद देती की, अप्पा," कुणीतरी म्हणालं.

"आशीर्वाद असा देत्यात व्हय बे?" अप्पा म्हणाले. "डोस्कं दुखतंय तिचं! तुमचा डीजे बंद करा आधी."

सगळे हसले, टाळ्या पडल्या, प्रोमो गावभर फिरला. विनू घरी आला तो जेवलाच नाही. "आईला कामाला लावलं मी, मावशी," म्हणाला. "मेल्यावर तरी सुटायला हवी होती ती." मी म्हटलं, "मग आता सगळं बाजूला ठेव आणि तिचंच पुरं कर." तो म्हणाला, "एवढा एक महोत्सव होऊ दे." तो एक झाला की दुसरा यायचा. रागवायचं तरी किती? शेवटी शेवटी त्याचे डोळे पाहिले की मी काही बोलतच नसे. दमलेल्या माणसाला आणखी काय दमवायचं?

परवा इम्रान आला. वरच्या खोलीत कॉम्प्युटर लावून त्याने मला फिल्म दाखवली. शकू डोंगर उतरते, अगदी शकूच. बाजाराची पहिली पालं दिसतात, ती टोपलं उतरवायला वाकते आणि पुढे कोरा कागद.

"मावशी, एवढंच राह्यलंय," इम्रान म्हणाला. "मी दोस्तांना धरून पुरं करतो. ओझं उतरल्यावर चाल बदलती, असं विनू म्हणायचा. टोपलं उतरल्यावर त्या कशा चालायच्या, तेवढं दाखवा."

मी उठून उभी राहिले. हात खाली सोडले, एक पाऊल टाकलं. ती शकू नव्हती. दुसरं टाकलं, तीही मीच. डोळे मिटून मी धारूरचा बाजार आठवला, आणि मग ध्यानात आलं की टोपलं उतरल्यावर शकू चालायचीच नाही.

"बसायची ती," मी म्हटलं. "गोणपाटावर, पाय लांब करून. गिऱ्हाईक आलं तरी लगेच उठायची नाही."

"मग बसवू त्यांना," इम्रान म्हणाला.

विनूच्या टेबलाला पाठ टेकून मी फरशीवर बसले आणि पाय लांब केले. इम्रान मोबाइल धरून समोर उकिडवा बसला. खाली रस्त्यावरून भाजीची गाडी ओरडत गेली.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "झालं, मावशी. उठा आता. हात देऊ का?"

"थांब रे जरा," मी म्हटलं.