अर्ध्या चढावर
ओहोटीला डोंबिवलीच्या खाडीकडून चिखलाचा वास आला, की मला गावची आमची समुद्राकाठची टेकडी आठवते. ती विकायला बाबांची सही हवी होती आणि ते टाळत होते; एकट्याला गाठून मनवावं म्हणून "चला, वरून समुद्र बघू" असं सांगून मी त्यांना ऐन पावसाळ्यात तिथे नेलं. अर्ध्या चढावर त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला. "अरे, हात दे," ते म्हणाले. मी हात पुढे केला, मग तसाच थांबवून विचारलं, "बाबा, सही करणार ना?" त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "करतो. आता ओढ." समुद्र न बघताच आम्ही उतरलो. टेकडी गेली, बाबा आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. चढावर मी हात थांबवला होता, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आजही जिना उतरताना मी हात पुढे करतो आणि बाबा कठडा धरतात.