गेटवेला गुंडाळलेली बेगड

उदगीर रस्त्यावरच्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात आनंदराज सहा वर्षं कंत्राटावर होता. मुरुडच्या बौद्ध वस्तीतला, आयटीआय झालेला, एकतिशीतला. धान्याच्या सात लोखंडी टाक्यांवरचे बिनतारी सेन्सर त्याच्या ताब्यात होते. टाकीतल्या मालाचं तापमान दर दहा मिनिटांनी वजनकाट्याच्या छतावरच्या एका पेटीकडे यायचं आणि तिथून ऑफिसातल्या पडद्यावर. या पेटीला सगळे गेटवे म्हणत. कोणत्या सेन्सरनं किती वेळानं बोलायचं, कोणत्या चॅनेलवर बोलायचं, तो किती वेळ गप्प राहिला की भोंगा वाजायचा, हे सगळं आनंदराज ठरवून संगणकात भरायचा. दसऱ्याला कायम केल्याचं पत्र देऊ, असं मॅनेजर दयानंदरावांनी त्याला सांगून ठेवलं होतं. त्या भरवशावर त्यानं लातुरात खोली बघितली होती.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा झाली. पाने, मोटारी, वजनकाटा, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडू. मालकांची सून वर्षाराणी हौसेनं स्वतः शिडी चढली, गेटवेला अँटेनासकट चंदेरी बेगड गुंडाळली, वर तुरा खोवला आणि फोटो काढून खाली आली. अर्ध्या तासात भोंगा सुरू झाला. सातही टाक्या गप्प होत्या.

आनंदराज शिडीकडे निघाला तेव्हा दयानंदराव आडवे आले.

"कुठं निघालास?"

"बेगड काढतो, साहेब. धातूची हाय ती, तिच्यातून सिग्नल जात न्हाई."

"पूजेला मांडलेल्या हत्याराला दसरा होईस्तोवर हात लावत नसतात. तुला म्हणा ठाऊक नसणार."

हमालांचा मुकादम ग्यानोबा बाजूलाच उभा होता. तो हसला. "त्येच्या घरी कुठली खंडेनवमी साहेब! आमचा तुरा दिसला की हात शिवशिवणारच."

"मुकादम, पूजेबद्दल माझं काय म्हणणं न्हाई. नुसता अँटेना मोकळा करायचाय. तुम्हीच चढा, मी खाली थांबतो."

"आन् वैनीसाहेबांना काय सांगू? आनंदराजला तुमची पूजा टोचली म्हणून?" दयानंदरावांनी घड्याळ बघितलं. "पाव्हणे यायलेत. आधी तो भोंगा बंद कर."

"भोंगा बरोबरच वाजतोय, साहेब. नवा माल ओला हाय, आतल्या आत तापतो. तीन नंबर सकाळीच अडतीसवर होता."

"एका दिवसात काय जळून जातंय? सेटिंग बदल म्हणलं की बदलायची. तुझ्या पत्रावर अजून सही व्हायचीय."

आनंदराज संगणकासमोर बसला. गप्प राहण्याची मुदत तीस मिनिटं होती, ती त्यानं अठ्ठेचाळीस तास केली. भोंगा थांबला. पडद्यावर सातही टाक्यांचे शेवटचे आकडे तसेच राहिले. टाकीत सळई घालून तापमान घ्यायला झाकण उघडणारी दोन माणसं लागत; सुट्टीमुळे ती मिळाली नाहीत. त्यानं तीन नंबरच्या पत्र्याला तळवा लावून पाहिला. पत्रा उन्हानंच तापला होता. आतलं काही कळेना.

दसऱ्याला दुपारी मालक कामगारांना आपट्याची पानं देत असताना तीन नंबरमधून धूर आला. चारशे टन माल गेला. ऑफिसातला पडदा अजून अडतीसच दाखवत होता.

आठवड्यानं विमा कंपनीचा माणूस येऊन संगणकासमोर बसला. नोंद स्वच्छ होती. नवमी, अकरा वाजून वीस मिनिटं, मुदत बदलली, बदलणारा आनंदराज. बदल कुणी सांगितला, याची नोंद यंत्र ठेवत नाही. "तांत्रिक बाबतीत आम्ही पडत नाही," दयानंदराव म्हणाले. ग्यानोबानं आपण काही ऐकलं नसल्याचं लिहून दिलं. बेगड हारांबरोबर विसर्जनाला गेली होती. वर्षाराणीनं फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवले होते, ते चोवीस तासांत आपोआप उडाले. आनंदराजनं तिच्याकडे मूळ फोटो मागितले. तिनं सासऱ्यांना विचारलं आणि मग त्याचा नंबर ब्लॉक केला.

आनंदराजला कामावरून काढलं. पोलिसांत तक्रार करणार नाही आणि अनुभवाचा दाखला देऊ, पण नव्या माणसाला सगळं शिकव, असं ठरलं. देगलूरहून मल्लेश आला. आनंदराजनं त्याला तीन दिवस शिकवलं. पासवर्ड, चॅनेल, कोणत्या टाकीचा सेन्सर किती वेळानं बोलतो, सगळं. शेवटी म्हणाला, "अँटेनाला धातूचं काही गुंडाळू द्यायचं न्हाई. कुणी का असंना."

मल्लेश वहीत उतरवून घेत होता. मागून दयानंदराव म्हणाले, "नीट लिही बाबा. स्वतः चुकून शिकलाय त्यो."

संध्याकाळी दाखला मिळाला. हुद्दा: मजूर.

"साहेब, हे चुकलंय. सहा वर्षं तंत्रज्ञ होतो मी."

"तंत्रज्ञ लिहितो की. पण मग खाली काढल्याचं कारणबी लिहावं लागंल. सांग, कसं करू?"

आनंदराजनं दाखला वाचला, पुन्हा वाचला. मग पेन मागून घेतलं आणि रजिस्टरात दाखला मिळाल्याची सही केली.