दधीचींचा उसना कणा

ओल्या शाडूचा वास नाकात शिरला की अंगात एक मद चढतो. आपण ब्रह्मदेवाचे धाकटे बंधू आहोत असे वाटू लागते. गेल्या गणपतीत मला तसे वाटले, आणि वडगावातल्या आमच्या गल्लीला ते निस्तरावे लागले.

देखाव्यासाठी कोल्हापूरहून तयार मूर्ती आणायचे घाटत होते. मी म्हटले, कशाला? दधीची ऋषी मी घडवतो. देवांनी याचना करताच ज्यांनी देह ठेवला, ज्यांच्या अस्थींचे वज्र झाले, त्यांच्याहून उदात्त विषय कोणता? मग तीन संध्याकाळी मी पाठीच्या कण्यावर बोललो. योग्यांनी त्याला मेरुदंड का म्हटले, वीणेच्या दांडीत त्याची सरळ रेषा कशी दिसते, जुन्या देवळांवरच्या सुरसुंदरी कण्याला तीन ठिकाणी बाक देऊनही तोल कसा सांभाळतात, सगळे सांगितले. गल्लीतली माणसे सोशिक. या भरात एवढेच राहिले, की मूर्तीच्या आत नुसता पेंढा भरून भागत नाही, आधाराला लाकूड घालायचे असते.

चौथ्या दिवशी दुपारी पद्मासनातले दधीची कमरेत वाकले. मग हरवलेली चप्पल शोधावी तसे हळूहळू त्यांनी मस्तक स्वतःच्याच मांडीवर टेकले. चतुर्थी चार दिवसांवर, आणि कोल्हापूरची मूर्ती एव्हाना दुसऱ्या कुणी नेलेली.

शेजारच्या रुक्माक्का बघायला आल्या. खड्ड्यात पाय सोडून हातमागावर साड्या विणण्यात त्यांचा जन्म गेला. पाठ धनुष्यासारखी झाली. डॉक्टरांनी सांगितलेली सहा महिन्यांची विश्रांती संपत आली होती, पण तेवढ्यात मुलाने माग विकायला गिऱ्हाईक शोधले होते.

"आत काय घातलंयस रं?"

"भाताचं पिंजर, आक्का."

"देव कणा मागायला आल्यावर तुझा ऋषी काय देणार? पिंजर?"

गल्ली हसली. मीही हसलो, दुसरे करणार काय? आक्का घरात गेल्या आणि विणलेली साडी ज्यावर गुंडाळत जाते, तो मागाचा लाकडी रूळ मुलाच्या खांद्यावर देऊन आल्या. हात लागून लागून तो शंखासारखा गुळगुळीत झाला होता.

"उसना हाय. अनंत चतुर्दशीला परत पायजे. दुसऱ्या दिवशी मागावर बसणार हाय मी."

"आणि उद्या गिऱ्हाईक येतंय त्याचं काय?" मुलगा म्हणाला.

"रुळाबिगर माग घेतंय कोण? सांग त्याला, रूळ देवाच्या कामाला गेलाय."

रूळ लांब निघाला, म्हणून ऋषींना पद्मासनातून उठवून उभे करावे लागले. तीन दिवस मी वाकून चिखल थापत होतो. माझी पाठ जसजशी मोडत गेली तसतसे दधीची ताठ होत गेले. दहा दिवस ते हलले नाहीत. गिऱ्हाईक एकदा येऊन, पुढून-मागून ऋषींचे दर्शन घेऊन, निपाणीला परत गेले.

अनंत चतुर्दशीला देखावा मोडताना मी पटाशी घेऊन ऋषींच्या मागे उभा राहिलो. इतके दिवस मनोमन मी स्वतःला दधीचीच समजत होतो ना! पण त्या पाठीवर पहिला घाव घालताना ध्यानात आले, की कथेत माझ्या वाट्याला मागणाऱ्याचीच भूमिका आली होती.

रूळ धुऊन, पुसून मी आक्कांकडे नेला. त्या आधीच खड्ड्यात पाय सोडून बसल्या होत्या.

"बघत काय ऱ्हायलायस?" त्या म्हणाल्या. "धर तिकडनं."

मी माझे टोक धरले.