रविवारची बाई

सोमवारी सकाळी कारखान्यातल्या बायका शालनला एकच गोष्ट विचारायच्या. "काल कुठला बघितलास गं? पैसे वसूल हाय का?"

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात, एका सिंधी शेठच्या जीन शिवायच्या कारखान्यात शालन धागे कापायला होती. शिवून आलेल्या पॅन्टचे लोंबणारे धागे छोट्या कातरीनं कापायचे आणि पॅन्ट पुढे सरकवायची, एवढंच काम. हात गुंतलेले, तोंड मोकळं. मग पिक्चरच्या गप्पांना काय तोटा! पण शालन प्रेमाचे पिक्चर बघायची नाही, देवाधर्माचे नाही, हसायचे तर नाहीच. तिला लागायचा बदल्याचा. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचे दिवस होते आणि असल्या पिक्चरचं पेवच फुटलं होतं. आधी हिरोच बदला घ्यायचे, आता बायाही घ्यायला लागल्या होत्या. कुणी चाबूक घेऊन, कुणी पोलिसाची टोपी घालून, कुणी घोड्यावर बसून.

"तो आरा-मशीनवाला बघा," शालन सांगायची. "त्यातली बाई उगाच किंचाळत नाही. गप राहते आणि करायचं ते करते."

"आणि इन्स्पेक्टर बाईचा?"

"नको. त्यात मेलेल्या बहिणीला एक गाणं देतात आणि मारून टाकतात. मग पुढं तिचं नावसुद्धा कुणी काढत नाही. जिच्यासाठी बदला घ्यायचा तीच विसरली, तर बघायचं काय?"

बायका हसायच्या. शालनला पिक्चरमधलं लई कळतं, असं म्हणायच्या. तिला एक बहीण होती, हे मात्र त्यांच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं.

शालन राहायची अंबरनाथला, बुवापाड्यात. घरात ती आणि तिचे वडील, आण्णा. धाकटी बहीण होती ती चिमी. चिमीला हसू आलं की पाठोपाठ उचकी लागायची, आणि उचकी लागली की अजूनच हसू यायचं. शेवटी आई तिच्या पाठीत धपाटा घालायची तेव्हा कुठं ते थांबायचं. तिला बदलापूरच्या हिरामणला दिली. स्थळ आपल्यातलंच, बौद्ध. मुलगा नोकरीला, दिसायला सभ्य, बोलायला मऊ. मोठीच्या आधी धाकटीचं कसं काढलं, म्हणून लोकांनी विचारलं. पण स्थळ चिमीलाच सांगून आलं होतं, आणि शालनचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं.

दोन वर्षांत स्टोचा भडका झाला.

सरकारी दवाखान्यात चिमीला केळीच्या पानावर निजवली होती. चेहरा तेवढा वाचला होता. जबाब घेणारे येऊन गेले, सासू बनूबाई पाणी आणायला बाहेर गेली, तेव्हा शालननं तिच्या कानाशी तोंड नेलं.

"चिमे, खरं सांग. काय झालं?"

"स्टो भडकला."

"चिमे..."

चिमीनं नजर छताकडं वळवली. मग म्हणाली, "ताई, बरी झाले की तिथंच जायचंय ना मला?"

ती काही बरी झाली नाही. पण जबाब तिच्याच तोंडचा होता. खटला उभा राहिला, लोंबकळत चालला, आणि हिरामण सुटला. तोवर आई त्याच धसक्यानं गेली होती. निकाल ऐकून आल्यावर आण्णा भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खुर्ची टाकून बसले.

"आण्णा, आता?" शालननं विचारलं.

"आता काय? आपण कायद्याची माणसं. आपल्या बाजूनं लागला तरच निकाल मानायचा, असं नसतं पोरी." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. त्या दिवसापासून त्यांनी पेपर वाचणं सोडलं. शालनशी चिमीचा विषय परत कधी काढला नाही, आणि शालननं काढला तर उठून बाहेर जायचे. एका खोलीत दोन माणसं राहत होती, पण एकाचं दुःख दुसऱ्याला दाखवायची चोरी.

शेजारच्या ठमाबाईला हे बघवेना. ती कोकणातली, कमी वयात विधवा झालेली, बोलायला फटकळ. तिनंच शालनला एका रविवारी ओढून उल्हासनगरला पिक्चरला नेली. कुठला पिक्चर हे दोघींनाही माहीत नव्हतं. निघाला बदल्याचा. शेवटी पांढऱ्या बुटातल्या खलनायकाला बाईनं खांबाला बांधला तेव्हा थेटर शिट्ट्यांनी दणाणलं, लोकांनी पडद्यावर चिल्लर फेकली. ठमाबाईनं शेजारी बघितलं तर शालनच्या डोळ्यांतून नुसत्या धारा लागलेल्या. दिवे लागले, लोक उठले, तरी ती बसूनच.

बाहेर कडक ऊन होतं, उसाच्या रसाची गाडी घुंगरं वाजवत होती, आणि हिरामण बदलापूरला जिवंत होता.

तरी पण त्या तीन तासांत छातीवरचा दगड थोडा हलला होता. म्हणून ती परत गेली, मग एकटीच जात राहिली. दर रविवारी बाराचा खेळ, भिंतीकडची खुर्ची. आजूबाजूला पोरं आरडाओरडा करायची, बाया डोळे पुसायच्या. शालन हाताची घडी घालून बघायची. कुणी शिकवणीला बसतं तशी.

अठ्ठ्याऐंशीच्या बुद्धपौर्णिमेला लांबच्या नात्यातली एक बाई भेटली. बोलता बोलता तिनं सांगितलं, "हिरामणनं दुसरी केली की. पोरगी लहानच हाय. आईबाप न्हाईत, मामानं उजवली."

पुढच्या रविवारी शालन थेटरला गेली नाही. कारखान्यातली कातर पदराच्या टोकात बांधली आणि बदलापूरला गेली.

चाळीतली हिरामणची खोली तिला माहीत होती. दारात एक सडपातळ पोरगी तांदूळ निवडत बसली होती. विशीसुद्धा ओलांडली नसेल. अनोळखी बाई बघून ती उठली, तांब्याभर पाणी घेऊन आली.

"ते बाहेर गेलेत. येतील एवढ्यात. तुम्ही कोण?"

"चिमीची बहीण."

"कोण चिमी?"

शालननं न पिताच तांब्या परत दिला. "हिरामणची पहिली."

"हां," पोरगी म्हणाली. "त्या तापानं गेल्या ना?"

शालननं खोलीत नजर टाकली. ओट्यावर नवाकोरा स्टो चमकत होता. पोरीच्या दंडावर हिरवटलेला एक जुना वळ होता, तो तिनं पदरानं झाकला. शालननं नाव विचारलं. इंदू, ती म्हणाली.

तेवढ्यात हिरामण आला. आतापर्यंत बघितलेल्या सगळ्या पिक्चरांत या जागी ढणाढणा संगीत वाजायचं. खलनायकाच्या हातातला ग्लास गळून पडायचा, बाई म्हणायची, ओळखलंस मला? हिरामणनं चप्पल काढली, रुमालानं मान पुसली आणि म्हणाला, "या, बसा. चहा घेतला का?"

पदराची गाठ शालनच्या मुठीत होती. ती सोडायला किती वेळ लागला असता? पण समोर इंदू उभी होती, पाण्याचा तांब्या घेऊन, एकदा हिच्याकडं आणि एकदा त्याच्याकडं बघत. शालनला एकदम दिसलं, की आपण आत्ता जे करू ते या पोरीच्या डोळ्यांदेखत होणार, तिच्याच घरात, आणि मग ही परत मामाकडं जाणार. आणि नाही केलं तर, ही इथं राहणार.

तिनं मूठ सोडली.

"चहा नको," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी येईन."

"कशाला?"

"इंदूला बघायला. दर रविवारी येणार मी. इंदू बरी हाय का, तेवढं बघणार आणि जाणार."

हे ती मुद्दाम मोठ्यानं बोलली. शेजारच्या दोन दारांत बायका उभ्या राहिल्या. हिरामणच्या तोंडावरचा मऊपणा तेव्हा कुठं उडाला.

आणि ती खरोखरच यायला लागली. पाऊस असो, सण असो, अंगात कणकण असो. चाळीच्या ओट्यावर, हिरामणच्या दारासमोर येऊन बसायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायची, "इंदू, बरी हाईस का?" इंदूनं हो म्हटलं तरी थोडा वेळ बसायची, तिच्याकडं नीट बघून घ्यायची आणि उठायची. बनूबाईनं आधी शिव्या दिल्या. मग एकदा भांड्यांचं खरकटं पाणी अंगावर फेकलं. शालननं पदर पिळला आणि परत बसली.

इंदूला ती नकोशीच होती. "तुम्ही आलात की ते दिवसभर धुमसतात," ती एकदा दबक्या आवाजात म्हणाली. "माझं वाईट करताय तुम्ही."

"मी चिमीकडं जायची नाही," शालन म्हणाली. "सासरी सारखं कशाला जायचं, म्हणून जायची नाही."

इंदू आत निघून गेली.

एका रविवारी इंदूनं दार अर्धंच उघडलं. कपाळ सुजलेलं होतं.  शालननं चाळीतलं एकेक दार वाजवलं, बायापुरुषांना बाहेर बोलावलं, आणि सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच, चिमीचं काय झालं ते सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाज न चढवता. चाळकऱ्यांना अर्धं ठाऊकच होतं. पण ठाऊक असणं वेगळं, आणि ते तोंडावर ऐकावं लागणं वेगळं. त्या दिवशी चाळीतल्या म्हाताऱ्या माणसांनी हिरामणला बाजूला घेतलं. काय बोलले ते शालनला कळलं नाही, पण सुजलेलं कपाळ परत तिच्या नजरेस पडलं नाही. हिरामणचा आवाज चढला की आता बनूबाईच त्याला आवरायची, "गप रं, रविवार येतोय." चाळीतली पोरं तिला रविवारची बाई म्हणायला लागली.

अशी वर्षं गेली. इंदूला मुलगी झाली, ती रांगायला लागली, चालायला लागली. आण्णा गेले. जायच्या आधी त्यांनी एकदाच विचारलं होतं, "तू तिथं जाऊन करतेस काय?" शालन म्हणाली, "बसते." आण्णांनी मान हलवली आणि कूस बदलली. त्यांना पटलं का नाही, हे तिला कधीच समजलं नाही.

मधल्या काळात वांगणीच्या एका बिजवराचं स्थळ आलं होतं. भगवंत नाव त्याचं. शांत माणूस, थोडी शेती, शाळेत शिपाई. शालनला तो आवडला होता. तो भेटायला आला तेव्हा तिनं आपण होऊन पावडर लावली होती, आणि ठमाबाईनं त्यावरून तिला चिडवलं होतं. सगळं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "फक्त ते रविवारचं तेवढं बंद करा. लोक काय म्हणतील? दुसऱ्याच्या संसारात..."

"ते नाही जमायचं," शालन म्हणाली.

 त्यानं चहा संपवला आणि तो गेला.

कारखान्यातल्या बायका अजून सोमवारी विचारायच्या. तिनं कित्येक वर्षांत थेटर बघितलं नव्हतं. ती जुनेच पिक्चर सांगायची, मग तेही लोकांनी केबलवर बघून टाकले, आणि विचारणं थांबलं. घरी आली की ती दिवा लावायची, एका माणसाचा भात टाकायची. ठमाबाई कधीमधी हाक मारायची. नाही मारली तर सकाळपर्यंत तिला तोंडातून शब्द काढायची गरज पडायची नाही.

अठ्ठ्याण्णव साल असेल. बनूबाई केव्हाच गेली होती. हिरामणचे केस पिकले होते, बीपीच्या गोळ्या चालू होत्या, तो शालनला बघून आत जाऊन बसायचा. त्या रविवारी इंदू बाहेर ओट्यावर आली आणि पहिल्यांदाच तिच्या शेजारी टेकली. चहाचे दोन कप घेऊन. शालननं या घरचा चहा कधी घेतला नव्हता. आज घेतला.

"ताई, एक बोलू?"

"बोल."

"पोरगी मोठी झाली. विचारते, ही बाई दर रविवारी का येते? पप्पांना बघून तोंड का फिरवते?" इंदू कपाकडं बघत होती. "मी काय सांगू तिला? बाप हाय तिचा. तिच्यावर जीव टाकतो. मी न्हाई सांगू शकत."



"आता नका येऊ," इंदू म्हणाली.  "तुम्ही आलात म्हणून मी..." पुढचं वाक्य तिला पुरं करता आलं नाही. आतून पोरीची हाक आली, "मम्मी!" आणि ती पटकन डोळे पुसून म्हणाली, "आले."

शालननं चहा संपवला. दारातून आत बघितलं. पोरगी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती आणि हिरामण तिच्या शेजारी बसून रंगाच्या कांड्यांना टोक काढून देत होता. त्यानं मान वर केली. दोघांची नजर मिळाली. त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती, पश्चात्ताप होता असंही म्हणवत नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाचे थकलेले डोळे होते, एवढंच. त्याला काही झालं नव्हतं. आणि आता काही होणारही नव्हतं.

"इंदू," शालन उठता उठता म्हणाली, "बरी राहा."

'बरी हाईस का?' हा प्रश्न आज विचारायचा राहिला, हे तिच्या रस्त्यात लक्षात आलं.

पुढच्या रविवारी ती सवयीनं लवकर उठली. आंघोळ केली, वेणी घातली, साडी नेसली. मग दारात उभी राहिली. जायचं कुठं? गल्लीत कुणाचा तरी टीव्ही चालू होता, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, सगळ्यांची माणसं घरी होती. ती परत आत आली, चांगली साडी काढून ठेवली, आणि खोलीतल्या सगळ्या गोधड्या बाहेर काढल्या. आईची, आण्णांची, तिची. धुतलेल्याच होत्या. तरी तिनं त्या नळावर नेल्या आणि धुवायला बसली.

भिजलेली गोधडी उचलता उचलेना. एक टोक पिळावं तर दुसरं चिखलात. तिनं दोनदा, तीनदा प्रयत्न केला. मग ती तशीच ओल्या गोधडीवर हात ठेवून बसून राहिली.

ठमाबाई आपल्या दारातून बघत होती. ती आता वाकून चालायची. ती सावकाश नळापर्यंत आली, कासोटा खोचला आणि गोधडीचं दुसरं टोक उचललं.

"ही काय एकटीनं पिळायची वस्तू हाय होय?" ती म्हणाली. "धर."

शालननं धरलं.