माती जखमेवर लावू नका

बोरकुटे सरांची आणि माझी पहिली भेट चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाजवळ, आमच्या गावच्या नाल्यात झाली. दिवाळीच्या आधी भिंती पोतारायला आम्ही बाया तिथून पांढरी माती आणतो. मी टोपलं भरत होते, तर काठावर बूट घातलेले एक गृहस्थ उभे.

“बाई, ही माती कशाले नेता?”

“भिंतीले. खायले थोडीच नेतो!”

सर हसले आणि बुटासकट चिखलात उतरले. तेव्हाच समजलं, हे साहेब नव्हेत.

सर चंद्रपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. एका जातीच्या पांढऱ्या मातीचा कण सुरळी झालेला असतो, पोकळ नळीसारखा. केसाच्या जाडीत अशा हजारावर नळ्या शेजारी शेजारी मावतील, असं ते सांगतात. मी काही मोजल्या नाहीत. पातळ चिनी भांड्यांना ही माती चालतेच, पण सर तिच्या नळीत औषध भरतात, गंज थांबवणारं द्रव्य भरतात. आमच्या नाल्यातल्या मातीत अशा नळ्या थोड्याच निघाल्या, बाकी सगळे चपटे पापुद्रे. गावाला वाटत होतं, आता कारखाना येणार. सरांनी ग्रामपंचायतीसमोर उभं राहून सांगून टाकलं, “कारखान्याइतकी माती नाई इथी.” पुष्कळांची तोंडं उतरली. मला बरं वाटलं. भिंतीपुरती माती राहिली.

तरी सर येत राहिले. एकदा हँडपंपाच्या दांड्याला रंग लावला, अर्ध्यावर साधा, अर्ध्यावर नळ्या मिसळलेला. वाळल्यावर दोन्हीकडे खिळ्याने ओरखडे काढले. माझी जाऊ घागर ठेवून भांडायलाच आली.

“नवा रंग देऊन खराब काऊन करून राह्यले जी?”

“ओरखडा पडला का नळीतलं औषध बाहेर येते, बाई. गंज कुठी आधी चढते ते पाहू.”

पावसाळ्यानंतर साध्या बाजूचा ओरखडा लाल झाला, नळ्यांच्या बाजूचा जरासाच. आम्ही टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, “एका दांड्यावरून काही सिद्ध होत नाही.” सरांचं कौतुक करणं हे असं कठीण काम आहे.

शाळेच्या ओसरीवर त्यांनी एकदा पपईच्या पानाचा पोकळ देठ घेतला, आत कालवलेली हळद भरली आणि पाण्याच्या पातेल्यात सोडला. दोन्ही टोकांकडून पिवळं हळूहळू सुटत गेलं. “मातीच्या नळीतलं औषध जखमेवर असंच हळूहळू येईल,” सर म्हणाले. पुढे ते काय बोलले ते मी ऐकलं नाही. मला शुगर आहे आणि धानाच्या रोवण्यात पायाच्या बोटाला काहीतरी रुतून जखम झाली होती. सर बोलत असतानाच मी उठले, नाल्यावर गेले आणि ओली माती बोटांवर थापून फडकं बांधलं.

चौथ्या दिवशी सर हँडपंप पाहायला आले. माझा पाय घोट्यापर्यंत सुजला होता.

“बाई, हे काय लावलं?”

“तुमचंच औषध. तुम्हीच विसरले काय?”

सर पायरीवर बसलेच. फडकं सोडून पाय पाहिला. मग म्हणाले, “उठा. गाडीत बसा.”

“भात व्हायचा हाये अजून.”

“भात राहू द्या. पाय जाईल.”

चंद्रपूरला डॉक्टरांनी दोन बोटं काढली, पाय वाचला. अजून दोन दिवस घरी राहिले असते तर तोही गेला असता, असं ते म्हणाले. सर बाहेरच्या बाकावर बसून होते. डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, “चूक माझी आहे. मी अर्धं सांगितलं.” त्यांचे डोळे भरलेले पाहून मी म्हटलं, “तुम्ही काऊन रडून राह्यले? बोटं माझे गेले.” खरं म्हणजे सरांनी पूर्ण सांगितलं होतं. अर्धं मी ऐकलं होतं. हे त्यांना कितीदा सांगितलं, ते मानत नाहीत.

तेव्हापासून सरांचं कुठलंही भाषण एकाच वाक्याने सुरू होतं, “नुसती माती हे औषध नाही, जखमेवर लावू नका.” त्यांच्या विद्यार्थिनी शबाना मॅडम सांगतात, मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या सभेतही सर आधी तेच बोलतात. लोक हसतात. सर थांबतात, हसणं संपू देतात, मग नळ्यांचं सांगतात. सरांच्या या गौरवग्रंथासाठी मॅडम म्हणाल्या, “आजी, तुम्ही लिहा. बाकीचे पायाचं लिहिणार नाहीत.” म्हणून चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने हे लिहिलं.

नळीत भरलेल्या मलमाचं काम अजून प्रयोगशाळेतच आहे. सर घरी आले की मी विचारते, “झालं काय औषध?” ते म्हणतात, “नाही अजून.” झालं असं सांगून चहा पिऊन जाणारे पुष्कळ पाहिले. ‘नाही अजून’ म्हणायला दर वेळी माझ्या ओसरीवर येणारे हे एकच.

सर आता पंचाहत्तरीचे झाले. सत्काराला मी चालत येणार आहे, आठ बोटांवर. माझं मागणं एवढंच आहे, की सरांचं आयुष्य त्या देठातल्या हळदीसारखं हळूहळू सुटत राहो, तब्येत धड राहो आणि रंग शेवटपर्यंत पिवळाधमक राहो. घाई अजिबात नको. स्टेजवर हार घालताना मी कानात विचारणारच आहे, “झालं काय औषध?” आणि सर, खोटं सांगायचं नाही.