सोनाबाईचा पहिला भाव

उरणच्या कोळीवाड्यातल्या सोनाबाईला गिऱ्हाईक लांबूनच कळायचं. बोंबील हातात घेऊन वास घेणारी बाई घेणार, नाकाला रुमाल लावणारा नुसताच भाव विचारणार. सुक्या मासळीच्या पाटीमागे तिचं अर्धं आयुष्य गेलं. नवरा गेला, तेव्हाही तेरावं उरकून ती बाजारात येऊन बसली. "घरात रडत बसले असते तर मासळीनं वाट बघितली असती का?" म्हणायची.

आता तीच मासळी तिची सून भाविका साफ करून पाकिटांत भरायची, फोनवरून ऑर्डरी घ्यायची. मागणी चांगली होती, पण वाळवण उघड्यावर. कंटेनरच्या गाड्यांची धूळ, कावळे, कुत्री. सोलर ड्रायर हवा होता, पाकिटं भरायला छप्पर हवं होतं. बँकेने विचारलं, तारण काय? घर सोनाबाईच्या दिराच्या नावावर. म्हणून दोघी आज पनवेलला आल्या होत्या. इथली एक संस्था बायकांच्या धंद्याला तारणाशिवाय पैसे द्यायची.

भाविकाने हिशोबाचा कागद पुढे ठेवून सगळं नीट मांडलं. समोरच्या रुचिरा मॅडम खूश दिसल्या. "मग किती लागतील?"

भाविका तोंड उघडायच्या आत सोनाबाई म्हणाली, "आठ लाख."

भाविका पांढरीफटक पडली. ठरले होते चार.

"आमची मर्यादा पाचची आहे, मावशी," रुचिरा हळहळली. "एवढ्याला आम्ही पुरे नाही पडणार. सॉरी."

सोनाबाई उठली, पदर खोचला आणि दाराकडे निघाली. अगदी सावकाश. चपला घालायला उगाच वेळ लावला. मागून हाक आली नाही. आत दुसऱ्याच बाईचं नाव पुकारलं गेलं.

"आई, थांबलीस कशाला?" भाविकाने मागोमाग बाहेर येत विचारलं.

"बोलावतील गो. गिऱ्हाईक चाललं की आमी नाय हाक मारत, 'ये गो, तू किती देशील ते बोल' म्हणून?"

भाविका रडकुंडीला आली. "इथं घासाघीस नाय करत, आई. बोललीस तोच आकडा खरा."

सोनाबाईला आपली चूक उमगली. पोरीनं किती रात्री जागून तयारी केली होती! ती तशीच वळली. आत पर्स शिवून विकणारी एक बाई आपला माल मांडत होती.

"दोन मिन्टं देशील गो, बाय?"

"घ्या मावशी. तेवढाच मला धीर येईल."

"मॅडम, चूक माजी हाय. कागदावर बगा, चारच हाय. मी बाजारातली बाई. आदी दुप्पट सांगते, मग गिऱ्हाईक खाली वडतं. तुमी तर वडलंच नाय!"

रुचिराला हसू आवरेना. मग तिने तो कागद पुन्हा पुढे ओढला, पहिल्यापासून वाचला. "चारात खरंच होईल?"

"होईल," भाविका म्हणाली. "छपरासकट."

"पुढच्या आठवड्यात जागा बघायला येते. सगळं असंच असेल तर पैसे मिळतील. धंदा कोणाच्या नावावर?"

"आईच्या—"

"हिच्या," सोनाबाई म्हणाली. "माज्या बापानं, नवऱ्यानं माज्या नावावर काय केलं नाय. हिच्या नावावर कायतरी व्हऊ दे."

एसटी स्टँडवर आल्या तरी भाविकाचे डोळे वाहतच होते. सोनाबाईने आपल्या पदराने तिचं तोंड खसाखसा पुसलं.

"बस गो आता. मॅडम येतील तवा डोळं सुजलेलं नको दिसाया."

"त्या पुढच्या आठवड्यात येणार, आई."

"तवर चालंल तुजं रडं. मी वळखते तुला."